तीन गोण्यांचा हिशेब

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "डॉक्टर, कोंबड्यांच्या खाद्यातलं अँटिबायोटिक बंद केलं, तर त्याऐवजी कुठला झाडपाला घालू?" या "त्याऐवजी"पाशीच जरा थांबू.

1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडर्ली कंपनीतले ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड जीवनसत्त्व बी-12 च्या मागे होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून झाल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घालून पाहिला, आणि पिल्लं भलतीच वाढली. आजार नसताना रोज चिमूटभर औषध द्यायची चाल तिथून पडली. पण चिमूटभर औषधाने सगळे जंतू मरत नाहीत. जे तगतात त्यांचीच पैदास होते. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी काढायचं औषध. 2015 मध्ये चीनमध्ये त्याला दाद न देणारा जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडला, आणि तोही एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा. आपल्याकडे पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर जुलै 2019 मध्ये बंदी आली.

आता डेन्मार्क. तिथल्या ब्रॉयलरवाल्यांनी, म्हणजे मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी, 1998 च्या सुरुवातीला वाढीसाठी दिलं जाणारं अँटिबायोटिक आपणहून सोडलं. मरतूक वाढली नाही. एक किलो कोंबडीमागे खाद्य फक्त 16 ग्रॅम जास्त लागलं. तुमच्या पाच हजारांच्या बॅचला लावा: दोन किलोचा पक्षी धरला तर माल दहा टन, जादा खाद्य 160 किलो. पन्नास किलोच्या तीन गोण्या आणि वर थोडं. एवढ्यासाठी आपण हा जुगार खेळतो! (त्यांनी कॉक्सीवरचं, म्हणजे आतड्यातल्या परजीवीच्या रोगावरचं, औषध चालूच ठेवलं होतं, आणि त्यातलं काही आतड्यातल्या क्लोस्ट्रिडियम या जंतूलाही आवरतं. हेही सांगायलाच हवं.)

म्हणजे वनस्पतीजन्य पावडरीने भरून काढायच्या त्या तीन गोण्या. त्यांच्यापेक्षा पावडर महाग पडली, तर फायदा विकणाऱ्याचा.

चालतं का? चालतं. ओव्याचा वास ज्या थायमॉलचा, ते जंतूचा बाहेरचा पापुद्रा फाडतं. लसणातलं अ‍ॅलिसिन, दालचिनी, लवंग यांचीही जंतूंवर मात्रा चालते. पाचकरस सुटायला मदत होते ती वेगळीच. मिरचीही घालतात. घाबरू नका, कोंबडीला मिरची झोंबत नाही; पक्ष्यांच्या मज्जातंतूंना तो तिखटपणा कळतच नाही.

गोची वेगळीच आहे. हळद म्हणजे सगळी एकच हळद नव्हे: कुठे करक्युमिन दोन टक्के, कुठे पाच. ओव्याचं तेल उडून जाणारं. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करताना वाफेने खाद्य ऐंशी अंशांवर गेलं की अर्धा वास गिरणीतच राहतो. म्हणून विकत घेताना पुडीवर तुळशीचं चित्र आहे का ते बघू नका. सक्रिय घटक किती टक्के, तेलाला आवरण आहे का, हे विचारा. उत्तर नाही मिळालं तर पुडी परत ठेवा.

आणि शेडमधली तुसाची गादी ओली असेल तर यातलं काही लागू पडणार नाही. डेन्मार्कचा आकडाही त्यांच्या कोरड्या, बंदिस्त शेडमधला आहे. आपल्या श्रावणातला नाही. पाण्याच्या निपलखालचं तूस मुठीत घेऊन दाबा. लाडू वळला तर गादी ओली. मूठ उघडताच भुगा जरासा धरून मग सुटला, तर ठीक. लाडू वळत असेल तर पावडरीचे पैसे आधी तुसावर आणि गळक्या निपलांवर घाला.

कुणाची शिफारस नको, माझीही नको. एकाच हॅचची, म्हणजे एकाच वेळी उबवून निघालेली, पिल्लं घ्या, शेडच्या मधोमध जाळी लावा, एका बाजूला पावडर, दुसरीकडे साधं खाद्य. दोन्हीकडच्या गोण्या वेगळ्या मोजा. दर सात दिवसांनी पन्नास पक्षी तोला, आणि तेही एका कोपऱ्यातले नकोत. सुस्त पक्षी कोपऱ्यात बसतात आणि हातालाही तेच पटकन लागतात. मरतूक रोज वहीत टिपा. पस्तिसाव्या दिवशी ती वही घेऊन या, पुढचं बोलू.