हरवलेला डिकोडर: नवा टीव्ही आणि जुने ५.१ स्पीकर

[दृश्य: वूफरची मागची बाजू, अगदी जवळून]

ही एका ५.१ होम थिएटरच्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशा संचातल्या वूफरची पाठ. एका ओळीत सहा आरसीए सॉकेट आहेत. पुढचा डावा, पुढचा उजवा, सेंटर, वूफर, मागचा डावा, मागचा उजवा. प्रत्येक सॉकेटमध्ये एकाच स्पीकरचा आवाज येतो, स्वतंत्र वायरने. त्या वायरीतला विजेचा दाब आवाजाबरोबर वरखाली होत राहतो आणि त्याच चालीने स्पीकरचा पडदा हलतो. यालाच आपण अ‍ॅनालॉग म्हणतो.

[दृश्य: भिंतीवरच्या टीव्हीची मागची बाजू, टॉर्चच्या उजेडात]

आणि ही नव्या टीव्हीची पाठ. इथे सहा सॉकेट शोधू नका. लाल-पांढऱ्या आउटपुटची जोडीसुद्धा पुष्कळ मॉडेलांवर आता नसते. दोन-तीन एचडीएमआय, त्यातल्या एकावर एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी सोय) ही अक्षरं, आणि कोपऱ्यात एक चिमुकलं, जवळजवळ चौकोनी भोक. त्यावर ऑप्टिकल असं लिहिलेलं असतं.

वूफरला सहा वायरी हव्यात आणि टीव्ही एकच द्यायला तयार आहे. कितीतरी घरांतली होम थिएटर याच एका अडचणीमुळे माळ्यावर गेली. काही भंगारात गेली. त्यांचे पडदे शाबूत होते, अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, लाकडी डबा आजच्या पातळ साउंडबारपेक्षा भक्कम होता. ते जाताना बघवत नाही, कारण त्यांच्यात बिघाड काहीच नव्हता. मधला एक दुवा तेवढा नाहीसा झाला होता.

तो दुवा कुठे होता, ते आधी बघू.

[दृश्य: जुना डीव्हीडी प्लेअर, मागून. सहा वायरींचा जुडगा]

हे स्पीकर आपल्याकडे आले ते डीव्हीडी प्लेअरसोबत. तबकडीवर चित्रपटाचा सहा चॅनेलचा आवाज डॉल्बी डिजिटल पद्धतीने साठवलेला असायचा. प्लेअरच्या आत एक चिप तो उलगडायची, सहा वाटा वेगळ्या करायची आणि मागच्या सहा सॉकेटांतून बाहेर सोडायची. या कामाला डिकोडिंग म्हणतात. सगळ्याच प्लेअरांत ही सोय नसायची, पण ज्यांत असायची त्यांच्या दर्शनी भागावर ५.१ असं ठळक छापलेलं असायचं. वूफर बनवणाऱ्यांनी त्यावर भरवसा ठेवला. उलगडण्याचं काम प्लेअर करतोय, आपण फक्त आवाज मोठा करायचा.

मग डीव्हीडी प्लेअर घरातून गेला. त्याच्या जागी सेटटॉप बॉक्स आला, टीव्हीतच अ‍ॅप आली. आणि प्लेअरसोबत त्याच्या पोटातला डिकोडरही गेला, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

[दृश्य: ऑप्टिकल वायरचं टोक, अंधारात. लाल ठिपका]

आता या लाल उजेडाकडे बघा. तोशिबाने १९८३ साली ही ऑप्टिकल जोडणी आणली. वायरीच्या आत तांबं नाही, साधारण एक मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा धागा आहे. लाल दिवा सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो आणि त्या उघडझापीतून शून्य आणि एकचे आकडे पलीकडे जातात.

ही वाट आखली तेव्हा डोळ्यांसमोर सीडी होती, म्हणजे डावा आणि उजवा असे दोनच चॅनेल. चित्रपटाचे सहा चॅनेल जसेच्या तसे पाठवायचे तर हिशेब असा होतो. प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे सोळा शून्य-एकचा, असे सहा चॅनेल. सेकंदाला ४६ लाखांहून जास्त बिट. ही वाट तेवढ्यासाठी बांधलेलीच नाही.

म्हणून सहा चॅनेलचं गाठोडं बांधतात. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही. अशा गोष्टी गाळून डॉल्बी डिजिटल तोच सहा चॅनेलचा आवाज डीव्हीडीवर सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांत बसवतं. मूळच्या साधारण दहावा हिस्सा. हे गाठोडं ऑप्टिकलच्या अरुंद वाटेने आरामात जातं. प्रश्न पलीकडच्या टोकाचा आहे. तिथे ते सोडणारं कुणीतरी हवं.

[दृश्य: तापकीर गल्ली, पुणे. दुकानाच्या काउंटरवर छोट्या काळ्या डब्या]

पुण्यात तापकीर गल्लीत जा, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. ‘दादा, टीव्हीचं ऑप्टिकल वूफरला जोडायचंय’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात ही डबी पडते. तळहाताएवढी, एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल आणि पांढरं सॉकेट. हा डॅक. आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करणं, एवढंच त्याचं काम. तो ते चोख करतो आणि स्वस्तही असतो. पण त्याला दोन चॅनेलचा साधा, न बांधलेला आवाज लागतो. त्याला पीसीएम म्हणतात. डॉल्बीचं गाठोडं याच्यापुढे ठेवलं तर एक तर काहीच वाजणार नाही, किंवा कानठळ्या बसवणारी खरखर येईल.

लोक घरी येऊन हे सगळं जोडतात, खरखर ऐकतात आणि वूफर गेला म्हणतात. वूफर ठणठणीत असतो. डबी चुकीची असते.

[दृश्य: दोन डब्या शेजारी शेजारी. दुसरीवर सहा सॉकेट]

आपल्याला हवा तो हा दुसरा. याच्यावर ५.१ डिकोडर किंवा एसी-३ डिकोडर असं लिहिलेलं असतं. एसी-३ हे डॉल्बी डिजिटलचंच तांत्रिक नाव. पण लिहिलंय त्यावर विसंबू नका, डबी उलटी करून सॉकेट मोजा. वूफरकडे जाणारे सहा सॉकेट असले, किंवा ३.५ मिलिमीटरचे तीन जॅक असले, तरच चॅनेल वेगळे होऊन बाहेर पडणार. दोनच सॉकेट असतील तर पुठ्ठ्यावर काहीही छापलेलं असो, मागचे स्पीकर स्वतंत्र वाजणार नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या खरेदीत लक्ष द्यायचं ठिकाण हेच. वायर महाग की स्वस्त, सोनेरी टोकाची की साधी, यात शक्ती घालवू नका.

[दृश्य: हात, ऑप्टिकल वायर, पारदर्शक टोपी]

वायर लावण्याआधी तिच्या दोन्ही टोकांवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्या काढा. त्या इतक्या नितळ असतात की नजरेला पडत नाहीत आणि टोपीसकट वायर दामटली तर सॉकेटची झडप तुटते. टोक एकाच बाजूने बसतं. बसलं की हलकासा खट् असा आवाज येतो. नंतर डिकोडरकडचं टोक काढून तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला तर टीव्ही पाठवतोय. दिसला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज अजून टीव्हीच्याच स्पीकरवर असेल.

[दृश्य: टीव्हीचा साउंड मेनू]

त्याच मेनूत आणखी एक ओळ असते, डिजिटल साउंड आउट. तिथे पीसीएम आणि ऑटो असे पर्याय दिसतात. ऑटोच्या जागी कुठे बिटस्ट्रीम, कुठे डॉल्बी डिजिटल लिहिलेलं असतं. पीसीएमवर ठेवलंत तर टीव्ही स्वतःच गाठोडं सोडतो, सहा चॅनेलचे दोन करतो आणि ते दोनच पुढे पाठवतो. मग मागे कितीही चांगला डिकोडर लावा, त्याच्या हाती सहा चॅनेल येतच नाहीत. आपल्याला ऑटो किंवा बिटस्ट्रीम हवं. ते निवडल्यावर टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होईनासा होतो. घाबरू नका. बांधलेल्या आवाजाला टीव्ही हात लावू शकत नाही. आवाज आता वूफरच्या रिमोटने कमीजास्त करायचा.

अ‍ॅपवरचे चित्रपट बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतात. हा प्रकार ऑप्टिकलवरून जात नाही. पुष्कळ टीव्ही त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून ऑप्टिकलला देतात, काही देत नाहीत, नुसता स्टिरिओ देतात. तुमचा टीव्ही दुसऱ्या गटातला निघाला तर वाट बदलायची.

[दृश्य: एचडीएमआय एक्स्ट्रॅक्टर, बाजूचं सरकतं बटण]

ही वाट एचडीएमआयची. सेटटॉप बॉक्स किंवा स्टिक आणि टीव्ही यांच्यामध्ये हा एक्स्ट्रॅक्टर बसवतात. चित्र टीव्हीकडे पुढे जातं, आवाज इथून बाहेर निघतो. याचेही दोन प्रकार, दोन सॉकेटचा आणि सहा सॉकेटचा. इथेही सॉकेट मोजायचे.

याच्या कडेला एक बारीक सरकतं बटण असतं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि सगळं घोडं तिथेच अडतं. एचडीएमआयमध्ये पाठवणारा आधी समोरच्याला विचारून घेतो, तुला काय काय झेपतं? टीव्हीला दोनच स्पीकर. तो सांगतो, मला दोन चॅनेल दे. सेटटॉप बॉक्स मुकाट्याने दोनच देतो. ते बटण ५.१ वर सरकवलं की टीव्हीच्या ऐवजी एक्स्ट्रॅक्टर उत्तर देतो, मला सहा झेपतात. मगच सहा चॅनेल निघतात. बटण सरकवल्यावर बॉक्स एकदा बंद करून चालू करा, म्हणजे ही विचारपूस पुन्हा होते.

कॉम्प्युटरवाल्यांचं काम सर्वांत सोपं. मदरबोर्डच्या मागे हिरवा, काळा आणि नारिंगी जॅक असेल तर डिकोडर विकत घेऊच नका. हिरवा पुढच्या जोडीचा, काळा मागच्या जोडीचा, नारिंगी सेंटर आणि वूफरचा. गाठोडं कॉम्प्युटर स्वतः सोडतो. गेम खेळणाऱ्यांनी तर ऑप्टिकलच्या वाटेला जाऊच नये. गेमचा आवाज त्या क्षणी तयार होत असतो, आधी बांधून ठेवलेला नसतो. तो ऑप्टिकलवरून सहा चॅनेलचा न्यायचा तर कॉम्प्युटरमध्ये डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखी तिथल्या तिथे बांधणारी सोय लागते.

[दृश्य: पाच स्पीकर आणि वूफर, हॉलमध्ये. चाचणीचा आवाज एकेका स्पीकरमधून]

सगळं जोडलं, आवाज आला, मागूनही आला. जिंकलो? अजून नाही. कित्येक वूफर स्टिरिओ आवाजाच्याच प्रती काढून मागच्या स्पीकरांना देतात. सगळीकडून तोच आवाज येतो आणि माणूस समाधानाने बसतो. त्याला सराउंड म्हणता येत नाही. चाचणीची फाइल लावा, जिच्यात एकेका चॅनेलचं नाव त्याच स्पीकरमधून बोललं जातं. एका वेळी एकच स्पीकर बोलला पाहिजे, बाकीचे गप्प.

इथे हमखास एक गंमत होते. सेंटरचं नाव वूफरमधून घुमतं आणि वूफरचा घुमारा सेंटरमधून कसाबसा येतो. तीन जॅकच्या जोडणीत सेंटर आणि वूफर एकाच जॅकमधून आलेले असतात आणि त्यांचा क्रम सगळे बनवणारे सारखा ठेवत नाहीत. त्या दोन पिना आपसांत बदला. चित्रपटातले संवाद बहुतांशी सेंटरमधूनच येतात, त्यामुळे ही अदलाबदल राहिली तर अख्खा चित्रपट कुणीतरी उशीत तोंड घालून बोलतंय असा ऐकू येतो.

आता स्वस्त डिकोडरची खरी उणीव. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूत स्पीकर लहान की मोठे, असा प्रश्न असायचा. लहान म्हटलं की प्लेअर त्या स्पीकरांच्या वाट्याचा खर्ज काढून वूफरकडे वळवायचा. स्वस्त डब्यांत ही सोय बऱ्याचदा नसते. मग वूफरला फक्त त्याच्या स्वतःच्या चॅनेलचा, म्हणजे स्फोट-गडगडाटाचा आवाज मिळतो. तबला, ढोलकी, भारदस्त पुरुषी आवाज तीन इंची स्पीकरमध्ये जातात आणि तिथे चिपाड होऊन बाहेर येतात. काही वूफर आतल्या आत हे वळवून घेतात. तुमचा घेत नसेल तर थोडे पैसे जास्त घालून ही सेटिंग असलेला डिकोडर घ्या. माझ्या मते फरक ऐकू येईल असा वाढीव खर्च हा एकच.

[दृश्य: सोफा भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर डोक्याजवळ]

आपल्या फ्लॅटांत सोफा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मागचे स्पीकर खरोखर मागे ठेवता येत नाहीत. हरकत नाही. बसणाऱ्याच्या बाजूला, जरा मागे, कानाच्या थोडं वर लावा. ५.१ साठीची प्रमाणित जागाही समोरच्या मध्यरेषेपासून ११० अंशांच्या आसपासचीच आहे. राहता राहिलं अंतर. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. पुढचे स्पीकर तीन मीटरवर आणि मागचे दीड मीटरवर असतील तर मागचा आवाज साडेचार मिलिसेकंद आधी पोचतो आणि पडद्यावरून लक्ष उडतं. डिकोडरमध्ये डिले असेल तर मागच्यांना तेवढं थांबवा, नसेल तर त्यांचा आवाज थोडा उतरवा.

सतत बारीक हुंकार येत असेल तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा असतो. ऑप्टिकल वायरीत धातूचा धागा नसल्यामुळे टीव्हीकडून त्या वाटेने तो येऊ शकत नाही. मग संशय डिकोडर आणि वूफर यांच्यामधल्या वायरींवर, नाहीतर डिकोडरच्या वीजपुरवठ्यावर. टीव्हीच्या यूएसबीवर तो चालवत असाल तर वेगळा चांगला अ‍ॅडॅप्टर लावून बघा.

[दृश्य: अ‍ॅपच्या पडद्यावर चित्रपट, खाली डॉल्बी अ‍ॅटमॉसचं चिन्ह]

आणि हे चिन्ह दिसलं म्हणून जुन्या वूफरवर चित्रपट लागणार नाही असं समजू नका. अ‍ॅपवरच्या अ‍ॅटमॉसच्या आत ५.१ चा पाया असतो. छतावरून यायचे आवाज त्याच सहा चॅनेलमध्ये मिसळलेले असतात, गाळलेले नसतात. डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर डोक्यावरून जाणार नाही, पण पुढून मागे नक्की जाईल. ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी असलं तरी सोबत साधं डॉल्बी डिजिटल असतंच, आणि डीटीएस-एचडीच्या आत साधं डीटीएस, म्हणजे डॉल्बी डिजिटलसारखीच गाठोडं बांधायची दुसरी पद्धत. ही दोन्ही साधी गाठोडी ऑप्टिकलवरून जातात. फक्त डिकोडर घेताना त्यावर डॉल्बीसोबत डीटीएसही लिहिलंय ना, एवढं बघून घ्या.