व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही

नमस्कार मंडळी. आज ज्येष्ठ नागरिक संघानं बोलावलंय, म्हणून कायद्याच्या आधी एका वहीबद्दल सांगते.

गेल्या वर्षी माझ्या ऑफिसात एक निवृत्त शिक्षिका आल्या. नाव सांगणार नाही, आपण त्यांना बाई म्हणू. वय 71, मुलगा परदेशात, घरी एकट्या. त्यांनी टेबलावर दोनशेपानी वही ठेवली. आत सुरेख, शाळेच्या फळ्यावर असतं तसल्या अक्षरात वेळा लिहिलेल्या. ‘6.10 उठले, कळवलं. 6.25 आंघोळीला जाण्याची परवानगी घेतली. 6.40 परत आले.’ असं ओळीनं सहा दिवस. व्हिडिओ कॉल सतत चालू. स्वयंपाक करताना फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, म्हणजे ‘साहेबांना’ चेहरा दिसत राहील. पलीकडे खाकी गणवेश, भिंतीवर अशोकस्तंभ. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, मनी लाँडरिंगची केस आहे, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, मुलाला कळवलंत तर त्यालाही विमानतळावर उचलू.

पाचव्या दिवशी बाई बँकेत गेल्या. मुदत ठेवी मोडल्या आणि ‘रिझर्व्ह बँकेच्या पडताळणीसाठी’ म्हणून दिलेल्या खात्यावर 23 लाखांचं आरटीजीएस केलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काकू, एवढी रक्कम कशासाठी?” बाई म्हणाल्या, “भाचीला फ्लॅट घेतेय.” हे उत्तरसुद्धा आदल्या रात्री त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. पैशांबद्दल बोलताना बाई रडल्या नाहीत. त्या मुलीशी खोटं बोलले, हे सांगताना रडल्या.

“शिकलेली बाई, फसली कशी?” हा प्रश्न कृपा करून कुणाला विचारू नका. 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना याच पद्धतीनं 7 कोटींना फसवलं. त्यांच्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली होती, तोतया सरन्यायाधीशासह. हयात उद्योगात घालवलेला माणूस. इथं अक्कल कमी पडत नाही. आपल्या मनात पोलिसांची जी भीती पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे, तिच्यावर हा सगळा धंदा चालतो.

त्या भीतीवर मला एकच औषध ठाऊक आहे, ते म्हणजे खरी अटक कशी होते हे नीट माहीत असणं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम 43 म्हणतं की अटक करताना पोलिसानं त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा तिला अडवून धरलं पाहिजे. बोलून किंवा कृतीनं ती व्यक्ती स्वतःच ताब्यात आली, तर तेवढ्यापुरती त्याची गरज नाही. या अपवादावर क्षणभर थांबू, कारण चोर नेमकी याचीच नक्कल करतात. बाईंकडून ते रोज ‘हो साहेब’ म्हणवून घेत होते, परवानग्या मागायला लावत होते. पण ताब्यात यायचं तर ताबा घेणारा पोलीस समोर हवा ना! पडद्यावरच्या चित्राच्या ताब्यात कुणी जाऊ शकत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची, तर तशीच अपवादात्मक परिस्थिती लागते, महिला पोलीस अधिकारी लागते आणि तिनं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगीही घ्यावी लागते. हेही त्याच कलमात आहे.

पुढचं बघा. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं झाला पाहिजे. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, हे तर थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. म्हणजे फोनवरचा माणूस “कुणाला सांगू नका” म्हणतो, तिथं कायदा “घरच्यांना सांगा” म्हणतो. मी हे वाचून दाखवल्यावर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे आम्हाला नागरिकशास्त्रात शिकवायला का दिलं नाही?” मला उत्तर देता आलं नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. समन्स मात्र आता इलेक्ट्रॉनिक मार्गानंही येऊ शकतं. त्यामुळे मोबाइलवर आलेला प्रत्येक कागद खोटाच, असं मी म्हणणार नाही. कागद आला तर फोन ठेवायचा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन तो दाखवायचा.

गुन्हेगारांसाठी कलमं भरपूर आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 सी दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल, 66 डी संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हींना 3 वर्षांपर्यंत कैद. पण पकडायचं कुणाला? पैसे ज्या खात्यात गेले ते बऱ्याचदा एखाद्या गरजू पोरानं चार पैशांसाठी भाड्यानं दिलेलं असतं. तिथून काही मिनिटांत रक्कम पाच-दहा खात्यांत फुटते. फोन करणारा कंबोडिया किंवा म्यानमारमधल्या बंदिस्त वसाहतीत बसलेला असू शकतो, आणि त्यातले काही नोकरीच्या आमिषानं नेलेले आपलेच तरुण असतात. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला, तो हे सगळं एका राज्याच्या पोलिसांना पेलणारं नाही म्हणूनच.

म्हणून 1930, सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी सरकारी हेल्पलाइन. हा नंबर आत्ता, माझं बोलणं चालू असतानाच फोनमध्ये टाका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो नंबर, जवळ ठेवून पहिल्या तासाभरात फोन केलात, तर पैसे जिथं पोहोचलेत तिथं ते रोखून धरायला सांगितलं जातं. बाईंनी दोन दिवसांनी फोन केला. लाज वाटत होती म्हणून.

मला खरी चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. पहिल्या फोनवर त्या माणसानं बाईंचा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि पेन्शन कुठल्या बँकेत येते, सगळं घडाघडा सांगितलं. बाईंचा विश्वास तिथंच बसला. ही माहिती त्याच्याकडे आली कुठून? आपण लॉजवर, सिमकार्डच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात आधारची झेरॉक्स ठेवून येतो, ती पुढं कुठं जाते हे कुणी विचारत नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी आणखी 18 महिन्यांची मुदत मिळाली. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते प्रत्येक सभेत सांगते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानं परस्पर झालेल्या व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण दिलं, पण बाईंनी फॉर्मवर सही स्वतःच केली होती. बँकेनं तेवढंच दाखवून हात वर केले.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. झेरॉक्सऐवजी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

बाईंच्या 23 लाखांपैकी 1 लाख 80 हजार तिसऱ्या एका खात्यात गोठलेले सापडले. ते परत मिळावेत म्हणून आम्ही कोर्टात अर्ज केलाय. पुढची तारीख महिनाअखेरीची आहे. बाईंनी ती त्याच वहीत लिहून घेतली, आधीच्या नोंदींनंतर दोन पानं कोरी सोडून.