पहिली कादंबरी कोणती द्यावी?

दहावीची परीक्षा संपली, की मुलाने सुट्टीत काहीतरी चांगले वाचावे असे सोलापुरातील अनेक पालकांना वाटू लागते आणि बहुधा एखादी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घरी येते. त्या कादंबऱ्यांची थोरवी कोणी नाकारत नाही. परंतु ज्याने पाठ्यपुस्तकातील धड्यांपलीकडे फारसे वाचलेले नाही, त्याच्या हाती पहिल्याच खेपेला सातआठशे पानांचा ग्रंथ दिला, तर तो उशाशी तसाच पडून राहतो. पहिली कादंबरी रंजक हवी, चालू भाषेतली हवी आणि तिच्यातील माणसे वाचणाऱ्याला ओळखीची वाटायला हवीत.

आपल्या शहराच्या पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. अशा घरांतील मुलांना संवादांच्या बळावर पुढे सरकणारी कादंबरी लवकर आपलीशी होते. म्हणूनच सुरुवात मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’पासून करावी, असा आमचा आग्रह आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेली ही गोष्ट नववीत शिकणारा मुकुंद जोशी स्वतः सांगतो. काळ आणीबाणीचा आहे, पण मुकुंदचे सारे लक्ष वर्गातल्या शिरोडकरकडे लागलेले आहे. अर्धवट बांधलेल्या इमारतीत मित्रांचा अड्डा जमतो, तिथे शिक्षकांपासून मुलींपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो, आणि देशात काय चालले आहे याची कुणकुण मोठ्यांच्या बोलण्यातून अधूनमधून कानी पडते. मुलांच्या तोंडी बोकिलांनी मुलांचीच बोली ठेवल्यामुळे पंधरा वर्षांचा वाचक पहिल्या काही पानांतच त्या टोळक्यात सामील होतो. हसवत हसवत ही कादंबरी अखेरीस चटका लावून जाते. २०१२ साली तिच्यावर चित्रपट आला, तरी पुस्तक आधी वाचावे, कारण मुकुंदच्या मनात चाललेली उलघाल पडद्यावर पुरती मावत नाही.

त्यानंतर नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ द्यावी. लेखक आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जत तालुक्यातील असून या कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. शिक्षणासाठी धडपडणाऱ्या गरीब घरातील मुलाची ही कहाणी हलकीफुलकी नाही, तरीही ती हातातून सुटत नाही, आणि मंगळवेढा-सांगोल्याकडच्या मुलाला तिच्यातील बोली थेट आपल्या आजीच्या तोंडची वाटेल.

हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ मात्र बारावी ओलांडलेल्यांसाठी राखून ठेवावी. एका कुटुंबाभोवती फिरणारी ही भय आणि गूढाने भारलेली कादंबरी वाचकाला रात्र जागवायला लावते, पण तिच्यातील काही प्रसंग पेलायला वाचक थोडा मोठा हवा.

हिराचंद नेमचंद वाचनालय असो वा पेठेतील लहानसे ग्रंथालय, पुस्तक घेताना आत डकवलेली तारखांची चिठ्ठी अवश्य पाहावी. शिक्क्यांनी ती भरून गेल्यामुळे तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली असेल, तर ते पुस्तक लोकांनी मनापासून वाचलेले असते. मात्र, इतरांना आवडलेले पुस्तक आपल्या मुलाला रुचले नाही, तर ते अर्ध्यावर परत करून दुसरे आणण्याची मुभा त्याला असावी आणि घरी त्याची उलटतपासणी होऊ नये.