बँकवाला आणि गर्दी

(जुनी टीव्ही चित्रफीत. गर्दी, दंडुके.)

२४ एप्रिल १९८७. युगोस्लाव्हियातलं कोसोव्हो पोल्ये. सांस्कृतिक भवनाबाहेर सर्बांची झुंबड उडालीय, पोलीस दंडुके चालवताहेत. सुटातला हा माणूस पाहा. स्लोबोदान मिलोशेविच. सर्बियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख, त्याआधी बेलग्रेडमधल्या बड्या बँकेचा अध्यक्ष. गर्दी जिंकणारा वक्ता म्हणून त्याला तोवर कोणी ओळखत नव्हतं.

‘पोलीस आम्हाला मारताहेत!’ गर्दीतून ओरडा होतो. त्याची नजर भिरभिरते. मग तो म्हणतो, ‘तुम्हाला मारायची कोणाची हिंमत होता कामा नये.’

बस, एवढंच. पण बेलग्रेड टीव्हीने हे वाक्य इतक्या वेळा दाखवलं की पक्षाचा पदाधिकारी रातोरात सर्बांचा तारणहार झाला. दगडांनी भरलेले ट्रक तिथे आधीच आणून ठेवले होते, हे आयोजकांपैकी एकाने पुढे कॅमेऱ्यासमोर आपणहून सांगितलं. ते टीव्हीवाल्यांनी त्या वेळी शोधलं नाही. शोधायचं नव्हतंच म्हणा.

अल्बेनियन बहुसंख्य असलेल्या कोसोव्होतल्या, म्हणजे सर्बियाच्या या स्वायत्त प्रांतातल्या सर्बांच्या तक्रारी सगळ्याच खोट्या नव्हत्या. म्हणूनच त्या कामाला आल्या.

(पक्षाची बैठक.)

सप्टेंबर १९८७. ज्या इव्हान स्ताम्बोलिचने बोट धरून मिलोशेविचला राजकारणात वर आणलं, त्याचाच काटा काढणारी पक्षाची ही बैठक. हीसुद्धा टीव्हीवर.

(मिरवणूक. धूप, फुलं, रडणाऱ्या म्हाताऱ्या.)

सर्बांचा मध्ययुगीन शासक प्रिन्स लाझार १३८९ साली कोसोव्होच्या लढाईत ऑटोमन सैन्याशी लढताना मारला गेला. १९८८ पासून त्याच्या अस्थी गावोगाव फिरवल्या गेल्या. महागाई कळस गाठत होती, १९८९ मध्ये तिचा वार्षिक दर हजार टक्क्यांच्या पुढे गेला. त्याचा जाब विचारायचा सोडून लोक अस्थींपुढे रांगा लावून उभे होते.

(हेलिकॉप्टर. कोसोव्होतलं गाझिमेस्तानचं मैदान.)

२८ जून १९८९, लाझारच्या त्या लढाईला ६०० वर्षं. कोसोव्होच्या स्वायत्ततेवर मार्चमध्येच कुऱ्हाड पडली होती. नजर पोचेल तिथवर माणसं, हातात लाझारच्या आणि मिलोशेविचच्या तसबिरी. शेजारी शेजारी! साहेब हेलिकॉप्टरमधून उतरतात. भाषणात एकजूट आहे, प्रगती आहे, युरोपही आहे. आणि मध्येच एक वाक्य: आज पुन्हा आपल्यापुढे लढाया आहेत, त्या शस्त्रांच्या नाहीत, पण तशाही होणारच नाहीत असं सांगता येत नाही.

टाळ्या ऐका.

(जळकी घरं. निर्वासितांचे ट्रॅक्टर.)

क्रोएशिया, बोस्निया, कोसोव्होतली युद्धं. एकट्या बोस्नियात सुमारे एक लाख बळी.

(बेलग्रेड, ५ ऑक्टोबर २०००.)

निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या मिलोशेविचविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ते आधी संसदेत घुसले. मग हे बुलडोझर घेऊन निघालेत, सरकारी टीव्हीच्या इमारतीकडे.