गाळलेला आवाज

[पडदा काळा. कानावर नुसती सळसळ, तिच्या आत गाण्याची अंधुक सावली.]

हे ऐका. पाण्याखालून कुणीतरी कुजबुजतंय असं वाटतं. झांजेची खसखस कळते, शब्दांतले 'स' आणि 'श' तेवढे कळतात, सूर मात्र हाती लागत नाही.

एक मूळ रेकॉर्डिंग घेतलं. त्याचीच एमपीथ्री, म्हणजे आवळून लहान केलेली फाइल केली, सेकंदाला १२८ किलोबिटची. दोन्ही शेजारी ठेवून, मोजमापाला मोजमाप जुळवून, एकातून दुसरं वजा केलं. उरलं ते हे. एमपीथ्री करताना गाण्यात जेवढा फरक पडला, तेवढाच सुटा करून तुम्हाला ऐकवतोय.

[दृश्य: सीडीचा चकचकीत पृष्ठभाग, अगदी जवळून.]

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचं माप असं: आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठली तरी एक. डावी आणि उजवी बाजू धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी.

माणसाचा कान ऐन तरुणपणीही जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेवढं टिपायला त्याच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे सेकंदाला ४०,००० पेक्षा थोडी जास्त मोजमापं पुरतात. म्हणून ऐकणाऱ्यासाठी सीडीचं माप आजही पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्यांना २४ बिटांची खरी गरज असते. घरी बसून ऐकणाऱ्याने १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींनी डिस्क भरण्याचं काही कारण नाही.

पण नव्वदच्या दशकात ही साडेदहा एमबीसुद्धा डोईजड होती. तीन मिनिटांचं गाणं सीडीच्या मापात ५६ किलोबिटच्या मोडेमवरून उतरवायचं म्हटलं, तर सव्वा तास लागला असता. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी याच अडचणीवर काम करत होते. एमपीथ्री उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १२८ किलोबिटला तेच गाणं अकराव्या हिश्श्यात मावलं.

[दृश्य: झांजेवर काठीचा आघात, संथ गतीत.]

कसं मावलं? कानाची एक खोड त्यांनी हेरली. झांज जोरात वाजली की तिच्या आसपासच्या पट्ट्यातलं बारीक काही आपल्याला ऐकू येत नाही. आघात होऊन गेल्यावरही क्षणभर कान सावरलेला नसतो. एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, आवाजाचे वारंवारतेनुसार ५७६ कप्पे करतो, कुठला कप्पा कुणामागे झाकला जाणार याचा हिशेब मांडतो, आणि झाकलं जाणारं ढोबळ आकड्यांत लिहितो किंवा लिहीतच नाही. म्हणून सुरुवातीला ऐकवलेला आवाज सुटा ऐकून दचकू नका. गाणं चालू असताना त्यातला बराचसा भाग गाण्याखालीच दडलेला असतो. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते: जे ऐकूच येणार नाही, त्यावर बिट का खर्च करायचे?

हिशेब चुकतो तो टाळ्यांपाशी.

[आवाज: भरलेलं सभागृह, टाळ्यांचा कडकडाट. आधी मूळ, मग १२८ किलोबिट.]

ऐकलंत? दुसऱ्या वेळी टाळ्यांचा जणू पाऊस झाला. टाळी शांततेतून एकदम उठते. एन्कोडर आवाज तुकड्यातुकड्यांनी घेतो, आणि एकाच तुकड्यात शांतता आणि टाळी दोन्ही आली, तर ढोबळपणामुळे आलेली खरखर सबंध तुकडाभर पसरते. टाळीच्या आधीसुद्धा. टाळी वाजण्यापूर्वीच तिची चाहूल लागते आणि तिची कडक धार भुसभुशीत होते. अशा वेळी एन्कोडर लहान तुकडे घेतो, पण शेकडो टाळ्या एकमेकींवर पडू लागल्या की १२८ किलोबिट अपुरे पडतात. २५६ला हे बरंचसं निवळतं.

फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकाराचा मार्ग वेगळा आहे. जॉश कोल्सन यांनी तो २००१ साली खुला केला. त्यात काहीही गाळलं जात नाही.

[दृश्य: पडद्यावर एकेक आकडा उमटतो.]

समजा, ओळीने तीन मोजमापं आली: १०००, १०१०, १०२०. पुढचं काय येईल? तुम्हीही १०३० म्हणाल. फ्लॅकही साधारण असाच अंदाज बांधतो. खरा आकडा निघाला १०३२, तर तो लिहितो फक्त २. उलगडताना पुन्हा तोच अंदाज, त्यात २ मिळवले, की मूळ आकडा जसाच्या तसा हजर. फाइल साधारण अर्ध्या ते दोनतृतीयांशावर येते. गोंगाटाचं संगीत असेल तर कमी आवळली जाते, कारण गोंगाटाचा अंदाज कुणाला बांधता येणार!

मग यातलं निवडायचं काय?

आधी स्वतःचा कान तपासा. 'अ' मूळ, 'ब' एमपीथ्री, आणि 'क्ष' या दोघांपैकी एक, पण कोणतं ते लपवलेलं. सोळा वेळा ओळखायचं. बारा किंवा जास्त बरोबर आले, तर नुसत्या नशिबाने तसं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. दोन्हींचा आवाज मात्र अगदी समान ठेवा. किंचित मोठं असलेलं कानाला नेहमीच सरस वाटतं. चांगल्या एन्कोडरची २५६ किलोबिटची एएसी, म्हणजे एमपीथ्रीसारखाच गाळणारा नंतरचा प्रकार, बहुतेकांना मूळ रेकॉर्डिंगपासून ओळखता येत नाही. मलाही आली नाही.

तरीही मी मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवतो, आणि ते एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या सीडी १२८ किलोबिटला उतरवल्या आणि त्यातल्या पुष्कळशा देऊन टाकल्या. पुढे फोनसाठी त्याच एमपीथ्रींचं दुसरं लॉसी, म्हणजे काही गाळून आवळलेलं रूप केलं. गाळलेल्यातून पुन्हा गाळलं. ब्लूटूथ हेडफोनने तिसऱ्यांदा गाळलं. झांजा पत्र्यासारख्या वाजू लागल्या. त्या एमपीथ्रींचे फ्लॅक करूनही पाहिले. फाइली फुगल्या. स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडला, तर १६,००० हर्ट्झच्या वर काळीभोर रिकामी पट्टी. गेलेलं परत आलं नव्हतं.

आता घरच्या डिस्कवर फ्लॅक, तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि फोनवर त्यातूनच केलेली ऑपस, हाही एक लॉसी प्रकार, १२८ किलोबिटची. उद्या नवा फॉरमॅट आला तर फोनवरचं सगळं पुसून मूळ प्रतीतून नव्याने करता येईल. फक्त ऑनलाइन ऐकत असाल, स्वतःजवळ काही साठवत नसाल, तर लॉसी बिनधास्त वापरा. पण स्वतःचं रेकॉर्डिंग, किंवा पुन्हा मिळणार नाही असा घरातला कुणाचा आवाज असेल, तर तो लॉसीमध्ये अडकवू नका.

उरलेल्या सीडी मी पुन्हा उतरवतोय. फ्लॅक फाइलीतच मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह ठसा, म्हणजे त्याच्या आकड्यांवरून काढलेली छोटी खूण असते. दर वेळी ती जुळते का पाहतो. मग सुरुवातीचीच वजाबाकी.

[दृश्य: दोन तरंगरेषा, दुसरी उलटी. दोन्ही एकमेकींवर सरकतात. उरते एक सरळ रेषा. आवाज नाही.]