महिष म्हणजे रेडा एवढंच नव्हतं तेव्हा

(तासगावजवळचा मळा. बांधावर शेंदूर फासलेला दगड, मागं म्हैस रवंथ करतेय.)

राम राम मंडळी! आधी मागच्या बाईसाहेबांना बघा. पंढरपुरी म्हैस. शिंगं कशी तलवारीसारखी पार खांद्यामागं गेलीत! आणि बांधावरचा हा दगड म्हणजे म्हसोबा. पेरणीआधी ह्याला नारळ, कोंबडं. ही म्हैस, हा म्हसोबा आणि देवीच्या पायाखालचा महिषासुर, तिघांच्या नावाच्या मुळाशी एकच शब्द आहे. महिष.

ऋग्वेदात मात्र महिष म्हणजे थोर, बलवान. महान ज्या ‘मह्’ धातूतून आला, त्यातूनच हाही. अग्नीला महिष म्हटलंय, सोमालासुद्धा. ९व्या मंडलात सोम ‘महिषो मृगाणाम्’ आहे, म्हणजे वनातल्या जनावरांत महिष. आता हा थोर म्हणायचा का रानरेडा? दोन्ही बसतं, आणि मला वाटतं शब्द इथंच कूस बदलत असणार.

राजाची थोरली राणी कोण? महिषी. पट्टराणी! त्याच महिषीची झिजून झिजून म्हैस झाली. उद्या धार काढायला बसाल तेव्हा आधी मुजरा करा.

आता असुर. वेदांत वरुणाला असुर म्हणतात, मानानं. इराणात तोच शब्द ‘अहुर मज्द’मध्ये चक्क परमेश्वर झाला. म्हणजे महिष मानाचा, असुर मानाचा, आणि दोन्ही जोडले की राक्षस! देवीमाहात्म्यात हा गडी लढता लढता रूपं बदलतो. रेडा, मग सिंह, मग तलवारवाला माणूस, मग हत्ती, परत रेडा. नावाचाच गुण लागला म्हणायचा.

(प्रतापगडाचा फोटो.)

आपल्या साताऱ्यात प्रतापगडावर शिवरायांनी १६६१ साली भवानी बसवली, ती महिषासुरमर्दिनी. गडावर तो पायाखाली, खाली शिवारात त्याच नावाला नारळ. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी तर म्हसोबा म्हणजेच महिषासुर असं मांडलं. मला ते निम्मंच पटतं. नीरेपलीकडं वीरला जा, तिथला म्हस्कोबा काळभैरव म्हणून पुजला जातो. नाव राहिलं, रेडा कधीच निघून गेला.

उलटंही होतं बरं का. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ बघता ना, सिंहासारखा? अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तो गवा आणि सशाच्या रांगेत बसलाय, साधं जनावर. ऐतरेय ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात तर त्याची उत्पत्ती बोकडापासून सांगितलीय. पुढं महाभारतात त्याला ८ पाय आले, आणि पुराणांनी नरसिंहाला आवरायला त्याला शंकराचं रूप करून टाकलं. बढती असावी तर अशी!

(परत दगडाकडं.)

हे सगळं मी मळ्याच्या मालकांना, आबांना सांगितलं. म्हटलं, “आबा, तुमचा म्हसोबा म्हणजे महिषासुर म्हणत्यात.”

“आसंल. पण म्हस चुकली की ह्योच वाट दावतो.”

“मग नवरात्रात घट बसवता, तेव्हा पंचाईत होत नाही?”

“कसली पंचाईत? देवीची आरती देवीपाशी, ह्याचा नारळ ह्याच्यापाशी. तू त्यो माईक जरा सरकव, म्हस बुजतीया.”