जेफ बेकचा उजवा हात

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. व्याख्यानाआधी गिटारवादक जेफ बेक याच्या २००७ सालच्या लंडनमधल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओतले काही भाग दाखवले होते.)

मंडळी, नमस्कार.

मघाशी पडद्यावर बेकने वाजवलेली ‘नादिया’ ही चाल चालू होती, तेव्हा मी पडद्याकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत होतो. पुढच्या दोन रांगांत मिरजेहून आलेली बुजुर्ग मंडळी आहेत, उरुसातल्या संगीत सभेला रात्र-रात्र मांडी घालून बसणारी. मागे भिंतीला टेकून कॉलेजची मुलं उभी आहेत. एका जागी बेकने सूर वरून असा अलगद खाली उतरवला की पुढून ‘वा’ आलं आणि मागून शिट्टी आली. जागा तीच होती.

म्हणून मी आज जरा धीटपणे बोलणार आहे. रॉक संगीताच्या चाहत्यांचं वेड हा आपल्याकडे काळजीचा विषय असतो. माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, ‘सर, हा रोज रात्री त्याच म्हाताऱ्याचा तोच व्हिडिओ लावून बसतो. एकदा बघितला, दोनदा बघितला, आता त्यात उरलंय काय?’ पालकांची काळजी मला कळते. पण माझं मत असं की तो मुलगा त्या वेळी अभ्यास करत असतो, आणि ज्या पद्धतीने करत असतो ती पद्धत कृष्णाकाठच्या या पट्ट्यात फार जुनी आहे.

ज्यांना बेक नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म २४ जून १९४४, इंग्लंडमधला. १९६५ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन ‘यार्डबर्ड्स’ हा रॉक गट सोडून गेला, त्याच्या जागी हा आला. मग स्वतःचा गट काढला, त्यात रॉड स्टुअर्ट गायचा. १९७५ मध्ये ‘ब्लो बाय ब्लो’ ही तबकडी आली. तिचा निर्माता जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सच्या तबकड्या घडवणारा माणूस. या तबकडीत गायक नाही, गाण्याच्या जागी गिटार आहे, आणि तरी ती अमेरिकेत पहिल्या पाचांत गेली. १० जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी तो गेला. बाकीचं चरित्र तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

आता व्हिडिओ. लंडनच्या सोहो भागात ‘रॉनी स्कॉट्स’ नावाचा जॅझ क्लब आहे, १९५९ पासूनचा. जागा लहान, अडीचशेच्या आसपास माणसं मावतील एवढीच. नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस बेकने तिथे सलग काही रात्री वाजवलं. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. मोठमोठी मैदानं भरवलेला माणूस टेबलाखुर्च्यांच्या मधोमध, ऐकणाऱ्यांपासून चार हातांवर उभा राहिला. चाहते या व्हिडिओवर एवढा जीव टाकतात त्याचं पहिलं कारण ही जागाच आहे. मैदानातल्या कार्यक्रमांचं चित्रीकरण बघताना दर वेळी एक चडफड होते. ऐन जागेवर कॅमेरा हात सोडतो आणि दिव्यांवर किंवा गर्दीवर जातो. इथे कॅमेऱ्याला लांब पळायला जागाच नाही. तो हाताजवळ राहतो, आणि हात दिसला की सूर कसा जन्माला आला ते दिसतं.

काय दिसतं ते सांगतो, कारण मघाशी तुकडा भर्रकन निघून गेला. बेक पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरत नाही. ऐंशीच्या दशकातच त्याने ते सोडून दिलं. तारेवर अंगठा आणि बोटं थेट पडतात. करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर असते. तार छेडताना आवाज बंद असतो. छेडून झाली की करंगळी नॉब फिरवते आणि सूर आघाताशिवाय उमलतो, गायकाने ओठ मिटून सुरुवात करावी तसा. आणि तळव्यात व्हॅमी बारची दांडी असते. त्याच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे टेकतात ती पट्टी, लाकडावर टेकवून घट्ट बसवलेला नसतो, आतल्या स्प्रिंगांच्या ताणावर तो तरंगत असतो. दांडी दाबली की तारा सैल पडून सूर उतरतो, उचलली की चढतो. बहुतेक गिटारवाले ही दांडी सूर थरथरवायला किंवा एखादा स्फोट करायला वापरतात. बेक तिच्यावर अख्खी चाल वाजवतो.

सतारवाल्यांनो, आता तुम्ही ऐका. आपण मींड घेतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तेव्हा तार सतारीच्या पडद्यावर आडवी ओढतो. चार-पाच सूर वर जाता येतं, पण खाली यायचं तर आधी ओढून ठेवावी लागते. तरीही पडदा बोटाखाली असतो, त्याचा आधार असतो. बेकच्या दांडीला आधार कसलाच नाही. तिच्यावर खूण नाही, रेघ नाही. किती दाबलं म्हणजे गंधार बरोबर लागेल हे सांगणारा फक्त कान. डावा हात एका जागी थांबलेला असतो आणि सूर मात्र खालीवर फिरत असतो. ‘नादिया’त तुम्ही मान हलवलीत ती नेमकी इथे.

ही चाल कुठली आहे, तेही सांगायला हवं. मूळ रचना लंडनचे संगीतकार नितीन साहनी यांची, १९९९ सालच्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममधली, आणि ती गायली आहे स्वाती नाटेकर यांनी. म्हणजे बेकची गिटार ज्या हरकतींच्या मागे धावते आहे त्या आपल्या गळ्यातल्या आहेत. त्याने ती २००१ च्या तबकडीत वाजवली आणि मग या क्लबमध्ये. मुरकी, कण, सुरांमधली ती घसरण त्याने स्वरलिपीत उतरवून घेतली नाही. उजव्या हातात घेतली.

आणि ही काही उतारवयातली हौस नव्हे. १९६५ मध्ये यार्डबर्ड्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत होतं, ‘हार्ट फुल ऑफ सोल’. त्याच्या मुख्य ओळीसाठी स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. पण रॉकच्या ठेक्यावर त्यांना हवा तसा ठसठशीत नाद उमटेना. तेव्हा वीस वर्षांच्या बेकने ती ओळ गिटारवर घेतली, फझ बॉक्स हे आवाज खरखरीत करणारं यंत्र लावून आवाजाला झणक आणली, आणि तेच ध्वनिमुद्रण त्या जूनमध्ये बाजारात आलं. बीटल्सची सतार ऐकू आली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. पुढे १९७५ मध्ये तो जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राबरोबर अमेरिकेत दौऱ्यावर होता. झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या गटातला गिटारवादक तोच हा मॅकलॉफ्लिन. सतारीची ती झणक आणि ‘नादिया’तली घसरण यांच्यात बेचाळीस वर्षांचं अंतर आहे. एवढी वर्षं हा माणूस एका सुरावरून दुसऱ्या सुरावर कसं जायचं याच्याच मागे होता.

झणकेचा विषय निघाला म्हणून मिरजेकडे वळतो. आपल्याकडे सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी या कामाला हात घातला. पंढरपूरकडचा भोपळा, तूनचं लाकूड, आणि या घराण्यांचा कान. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण तारेला झणक आणणारी जवारी लावताना किती जणांनी बघितली आहे? जरूर बघा. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस इतकी हलकी फिरवतो की काही निघालं असेल असं वाटत नाही. मग तार बसवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा तार बाजूला करून दोन हात मारतो. घोडीचा उतार असा लागतो की तारेने टेकायचं पण दबायचं नाही. मग तारेखालून सुताचा दोरा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तंबोरा एकदम बोलायला लागतो. तिथे बसलेला लहान मुलगाही त्या क्षणी वर बघतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, पण कानाला फरक कळलेला असतो.

बेकची गोष्टही लोखंडाशी जोडलेली आहे. जुन्या मोटारी खोलून, पुन्हा जोडून हॉट रॉड बनवणं हे त्याचं आयुष्यभराचं दुसरं काम होतं. वंगणात बरबटलेली बोटं घेऊन तो गिटारकडे यायचा. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे दोघे-तिघे माझे विद्यार्थी आहेत. बेकच्या ब्रिजची रचना त्यांना माझ्याआधी कळली. ताण, स्प्रिंग, टेकू हे त्यांच्या रोजच्या हाताखालचं. धारवाल्यांच्या हातून तंबोरा घडला त्याच गावाशेजारी हे घडतंय, याचा मला फार आनंद होतो.

आता पुन्हा चाहत्यांकडे येतो. हे लोक बसून बोलतात तरी काय? मी त्यांच्यातलाच एक, म्हणून सांगतो. ‘कॉज वुई हॅव एंडेड ॲज लव्हर्स’ ही स्टीव्ही वंडरची रचना बेक तीस-बत्तीस वर्षं वाजवत होता. जुलै २००७ मध्ये शिकागोजवळ क्लॅप्टनने भरवलेल्या गिटार महोत्सवात त्याने ती उघड्या मैदानात वाजवली, आणि चार महिन्यांनी हाच गट घेऊन क्लबमध्ये. दोन्ही चित्रित झाली आहेत. आमच्यात दोन तट आहेत. मैदानातलं वाजवणं मोकळं आहे, सूर लांब फेकलेला आहे, असं एकांचं म्हणणं. क्लबमधलं आत वळलेलं आहे, दोन सुरांमधली शांतता तिथेच ऐकू येते, असं दुसऱ्यांचं. मी दुसऱ्या तटात. हा वाद विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि दर वेळी कुणीतरी मोबाईल काढून ‘थांब, ही जागा ऐक’ म्हणतो. पुढे बसलेल्या मंडळींनो, अमुक सालचा मारवा आणि तमुक सालचा मारवा यावर तुम्ही जे बोलता ते याहून वेगळं आहे का?

त्याच रचनेत एक बास सोलो आहे. टॅल विल्केनफेल्ड ही ऑस्ट्रेलियातली मुलगी तो वाजवते, वय अवघं वीस. बेक तिच्या आजोबांच्या वयाचा. तिची पाळी आली की तो बाजूला होतो आणि तिला पूर्ण जागा देतो. चेहऱ्यावर नुसतं कौतुक. मोठ्या खाँसाहेबांनी साथीला बसलेल्या शिष्याला तान सोडावी आणि स्वतः ‘क्या बात है’ म्हणावं, हे आपण पाहिलेलं आहे. मुलं हा भाग परत परत लावतात आणि मला ते फार आवडतं. पुढच्या पिढीसाठी जागा कशी करायची हे त्यांना कुठल्या भाषणातून कळणार नाही, इथे दिसतं.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: प्रत्यक्ष मैफिलीची सर व्हिडिओला नाही. खरं आहे. पण अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेले. आज या सभागृहात त्यांना समोर बसून ऐकलेलं कुणी नाही. तरी त्यांचा आवाज आपल्याला ओळखू येतो तो तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे. त्या झिजेपर्यंत वाजवणारी माणसं होती, एकेक जागा घोकणारी, म्हणून तो सूर पुढे आला. खाँसाहेबांचा गाताना चेहरा कसा व्हायचा, तंबोऱ्यावरचं बोट कसं पडायचं, हे तबकडीत नाही. मला ते बघायला मिळालं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं. बेकच्या बाबतीत या मुलांना ते मिळालेलं आहे. सांगलीत बसून लंडनच्या एका क्लबमधला उजवा हात वीतभर अंतरावरून बघता येतो. अशी गोष्ट हाती असताना एकदाच बघून ठेवून देणं मला तर जमणार नाही.

आवाजाबद्दलही बोलतो, कारण पुढच्या रांगेतून मघाशी ‘जरा कमी करा’ असं आलं होतं. काही रचनांत ड्रम आणि गिटार मिळून कान बधिर होतात, हे मान्य. पण मोठा आवाज सहन होत नसेल तर ‘व्हेअर वेअर यू’ ऐका, त्याच व्हिडिओत आहे. बल्गेरियातल्या बायकांचं सामूहिक गायन ऐकून बेकला ही रचना सुचली. तारेवर बोट नुसतं टेकवून काढलेले बारीक, घंटेसारखे सूर, आणि त्यांना दांडीने दिलेलं वळण. ठेका नाही. आलाप ऐकणाऱ्याला ओळख करून द्यायची गरज पडणार नाही.

मागून एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, बेकसारखं वाजवायला कोणती गिटार घेऊ?’ बाळा, त्याची स्ट्रॅटोकास्टर होती, पण तुझ्याकडे आहे ती राहू दे. पिक महिनाभर आईकडे ठेवायला दे. पहिले आठ दिवस एकच तार, एकच सूर, अंगठ्याने छेडायचा आणि करंगळीने नॉब फिरवायचा. सूर आला तो क्षण ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ते जमलं की ‘नादिया’ची पहिली ओळ आधी गळ्याने म्हण, तंबोरा लावून. आणि मग शनिवारी गिटार घेऊन ये, आपण दांडीवर षड्जापासून गंधारापर्यंत जाऊ.